आवाज बसला? ॲम्प्लिफायर बदलण्याआधी वायर तपासा!

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. मात्र हौस चुकीच्या पद्धतीने जोडली गेली, तर तिचे मोल चांगलेच मोजावे लागते. कारमध्ये ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवून घेणाऱ्या अनेकांना याचा प्रत्यय येतो. सुरुवातीला डिकीतून घुमणारा आवाज ऐकून मन प्रसन्न होते. पण काही महिन्यांतच आवाज फाटू लागतो, ऐन गाण्यात सबवूफर मुका होतो, रात्री ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावतात, तर कधी सकाळी गाडी सुरूच होत नाही. मग 'ॲम्प्लिफायर गेला' असे निदान होते आणि नव्या ॲम्प्लिफायरचे काही हजार रुपये मोजले जातात. दुर्दैव असे, की बऱ्याचदा नवा ॲम्प्लिफायरही त्याच मार्गाने जातो. कारण दोष यंत्रात नसून त्याला वीज पुरवणाऱ्या जोडणीत असतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या आणि १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगरने व्यापारात जी मुसंडी मारली, ती सर्वश्रुत आहे. कॅम्प एक ते पाचमधल्या बाजारपेठांत मिळत नाही अशी वस्तू विरळाच. पलीकडे अंबरनाथ आणि बदलापूर येथे गेल्या दोन दशकांत झपाट्याने गृहसंकुले उभी राहिली, चाकरमान्यांच्या दारात गाड्या आल्या आणि गाडीबरोबर संगीताची हौसही आली. त्यातच या पट्ट्यातला पावसाळा दमदार, हवा दमट आणि रस्ते खड्ड्यांचे. खड्डा नटबोल्ट ढिले करतो आणि ओलावा उघड्या धातूला गंज चढवतो. कार ऑडिओच्या जोडणीचे हे दोन मोठे शत्रू आहेत.

वीज नेमकी किती लागते?

दोष शोधण्यापूर्वी ॲम्प्लिफायरची भूक समजून घेतली पाहिजे. गाडीची वीज १२ व्होल्टची म्हटली जाते. प्रत्यक्षात इंजिन बंद असताना सुदृढ बॅटरी सुमारे १२.५ व्होल्ट दाखवते, तर इंजिन सुरू असताना अल्टरनेटरमुळे हा दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातो. घरातल्या २३० व्होल्टच्या तुलनेत हा दाब फारच कमी आहे. त्यामुळे तेवढेच काम करण्यासाठी प्रवाह मात्र कितीतरी अधिक लागतो.

समजा, ॲम्प्लिफायर खरोखर ५०० वॉट आवाज देतो आणि घेतलेल्या विजेपैकी ८० टक्के विजेचे आवाजात रूपांतर करतो. मग त्याला ६२५ वॉट वीज हवी. ती १३.८ व्होल्टला मिळवायची, तर सुमारे ४५ अँपिअर प्रवाह वाहावा लागतो. घरातला दीड टनाचा एअर कंडिशनर साधारणपणे आठ-दहा अँपिअरच्या आत चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे डिकीतल्या त्या छोट्या पेटीला जाड वायर का लागते, हे उमगते.

आता घरातल्या प्लगसाठी वापरली जाणारी अडीच चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर ओढली, तर काय होईल? तिच्यातून ४५ अँपिअर जाताना दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच गळतो आणि वायरमध्ये सुमारे ७० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे गालिच्याखाली सोल्डरिंगची कावीळ नव्हे, कावीच ठेवल्यासारखे झाले. याउलट २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बाजारात 'चार गेज' नावाने मिळणारी तांब्याची वायर वापरली, तर गळती ०.२ व्होल्टच्या आत राहते आणि उष्णता आठ वॉटच्या आसपास.

येथे आणखी एक मेख आहे. स्वस्त वायरिंग किटमधल्या अनेक वायरी शुद्ध तांब्याच्या नसतात. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, अशी त्यांची रचना असते. वीज वाहण्याची त्यांची क्षमता तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते. ब्लेडने एखादी तार खरवडावी. आत चंदेरी रंग दिसला, तर ती वायर एक माप जाड घ्यावी किंवा सरळ नाकारावी.

बॅटरीपासून सुरुवात

कार ऑडिओचा दोष शोधण्याचा मार्ग एकच: विजेच्या प्रवासाबरोबर चालत जाणे. बॅटरी, मुख्य फ्यूज, वायर, ॲम्प्लिफायर, अर्थ, डेककडून येणारा संकेत आणि शेवटी सबवूफर. हा क्रम सोडून मधलीच वस्तू बदलणे म्हणजे अंधारात तीर मारणे. त्यासाठी लागणारे हत्यारही महागडे नाही. काही शे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मात्र दाब मोजताना तो डीसी व्होल्टवरच ठेवावा. अँपिअरच्या खुणेवर ठेवून बॅटरीला टेकवल्यास मीटर जळू शकतो.

प्रथम इंजिन सुरू करून बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजावा. तो १३.५ व्होल्टहून कमी असेल, तर दोष बॅटरीचा किंवा अल्टरनेटरचा आहे. ऑडिओला हात लावण्याआधी गॅरेज गाठावे. दाब ठीक असेल, तर गाणे मोठ्याने लावून ॲम्प्लिफायरच्या प्लस आणि ग्राउंड या दोन टोकांवर दाब मोजावा आणि त्याच वेळी बॅटरीवर किती दाब आहे, तेही पाहावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळला, तर वाटेत कुठेतरी गळती आहे. ढोलाच्या ठोक्याला ॲम्प्लिफायरवरचा दाब ११ व्होल्टच्याही खाली जात असेल, तर आवाज मध्येच तुटण्याचे कारण तेच समजावे. पुष्कळ ॲम्प्लिफायर दाब फार उतरला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. तो बिघाड नव्हे, ती शहाणी सवय आहे.

सर्वांत दुर्लक्षित जोड: अर्थ

गाडीचा संपूर्ण पत्रा हा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरची काळी वायर जवळच्या पत्र्याला कसली की काम भागते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. पत्र्यावर रंगाचा थर असतो आणि रंग हा विजेला अडवणारा पदार्थ आहे. रंगावरच बोल्ट कसला, तर वीज बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी वाट काढते. पहिले काही दिवस आवाज चांगला येतो. पुढे पावसाळा येतो, जोड गंजतो आणि तक्रारी सुरू होतात.

योग्य पद्धत अशी: पत्रा पॉलिश पेपरने घासून लखलखीत करावा. वायरला घट्ट दाबून बसवलेला लग लावावा. दातेरी वॉशर घालून बोल्ट कसावा आणि कसून झाल्यावर वरून रंगाचा किंवा ग्रीसचा थर द्यावा. ही वायर प्लसच्या वायरइतकीच जाड आणि ४५ सेंटिमीटरपेक्षा आखूड असावी. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र अर्थ कसू नये. अपघातात त्या बोल्टवर जीव अवलंबून असतो.

अर्थ चांगला आहे की नाही, हे ओहम मोजून नीट कळत नाही. मीटरच्या वायरींचा रोध त्यात मिसळतो आणि मोठ्या प्रवाहाला अडवणारा बारीक दोष लपून राहतो. त्यापेक्षा गाणे मोठ्याने वाजत असताना मीटरचे एक टोक ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडवर आणि दुसरे लांब वायर जोडून बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल, तर अर्थ उत्तम. तो अर्ध्या व्होल्टवर गेला, तर जोड उकलून पुन्हा करावा. चाचणीचा हा एक मिनिट अनेकांचे पैसे वाचवू शकतो.

दिवाच लागत नसेल तर...

ॲम्प्लिफायरचा दिवा अजिबात लागत नसेल, तर तीन टोके पाहावीत. प्लसवर दाब आहे का? ग्राउंड पक्का आहे का? आणि तिसरे टोक 'रिमोट'चे. बहुतेक डेकमधून निळी-पांढरी पट्टी असलेली बारीक वायर येते. डेक सुरू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. तो दाब येत नसेल, तर वायर तुटलेली आहे किंवा चुकीच्या ठिकाणी जोडली आहे.

हीच वायर आळसाने बॅटरीच्या कायम सुरू असणाऱ्या प्लसला जोडली जाते, तेव्हा ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडते. गाडी बंद करून, दारे लावून काही वेळाने ॲम्प्लिफायरचा दिवा अजूनही लागलेला दिसला, तर रोग सापडला असे समजावे.

लाल दिवा काय सांगतो?

'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लागला की घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रथम यंत्रणा बंद करून स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवाव्यात आणि पुन्हा सुरू करावे. लाल दिवा गेला, तर ॲम्प्लिफायर निर्दोष. दोष सबवूफरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा जोडणीच्या पद्धतीत आहे. दिवा कायम राहिला, तर डेककडून येणाऱ्या आरसीए पिना काढून पाहाव्यात. त्यानंतरही तो गेला नाही आणि दाब व अर्थ ठीक असतील, तरच ॲम्प्लिफायरच्या पोटातला एखादा भाग गेला, असे म्हणता येते. 'ॲम्प्लिफायर गेला' हे निदान या पायरीवर करायचे असते, पहिल्या पायरीवर नव्हे.

जोडणीच्या पद्धतीत चूक होते ती ओहमच्या हिशेबात. दोन कॉइल असलेला चार ओहमचा सबवूफर समांतर जोडला, तर ॲम्प्लिफायरला दोन ओहम दिसतात. एकापुढे एक जोडला, तर आठ. ओहम निम्मे झाले की प्रवाह दुप्पट होतो. ब्रिज पद्धतीने जोडलेल्या ज्या ॲम्प्लिफायरला किमान चार ओहम लागतात, त्याला दोन ओहमचा भार दिला, तर तो तापतो, बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. 'अर्ध्या तासाने आवाज जातो, मग आपोआप येतो' या तक्रारीमागे बरेचदा हेच असते. वायरी सोडवून सबवूफरवर मीटरने ओहम मोजावेत. चार ओहमच्या कॉइलला मीटर साडेतीनच्या आसपास आकडा दाखवतो. शून्याजवळ आकडा आला, तर कॉइल चिकटली. काहीच आले नाही, तर तुटली.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधली शिट्टीही वर चढते, ही आणखी एक जुनी तक्रार. हा अल्टरनेटरचा आवाज असतो. डेक आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी असतात. त्या दोन ठिकाणांच्या दाबात थोडा जरी फरक असला, तरी तो आरसीए केबलच्या वाटेने आवाजात शिरतो. आरसीए पिना ॲम्प्लिफायरमधून काढल्यावर शिट्टी थांबली, तर ती पुढून येते आहे. डेकचा आणि ॲम्प्लिफायरचा, दोन्ही अर्थ घासूनपुसून पक्के करावेत. केबल शक्यतो गाडीच्या एका बाजूने आणि प्लसची जाड वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. फिल्टर लावून शिट्टी दबते खरी, पण ढिला अर्थ तसाच राहतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्प्लिफायरवरचे 'गेन'चे बटण पूर्ण फिरवले म्हणजे आवाज मोठा होतो, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. गेन हे डेकच्या संकेताशी ॲम्प्लिफायरची सांगड घालणारे बटण आहे. ते मर्यादेपलीकडे गेले की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो आणि सबवूफरच्या कॉइलमध्ये नको तेवढी उष्णता साठते. जळका वास आला आणि बोटांनी हळुवार दाबल्यावर कोन खरखरला, तर कॉइल भाजली आहे.

बास बूस्ट शून्यावर आणावा. डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवावा. गेन अगदी खालून हळूहळू वाढवत न्यावा आणि आवाज फाटू लागताच थोडा मागे घ्यावा. लो पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास असावा. सबवूफर वाजतो, पण घुमत नाही, असे वाटले, तर प्लस-मायनस उलट झाले आहेत का, हे पाहावे. दोन सबवूफर एकमेकांविरुद्ध हलत असतील, तर ते एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात.

वॉटच्या आकड्यांचीही शहानिशा करावी. पेटीवर ३००० वॉट छापलेले असते, पण खरा आकडा फ्यूजवर असतो. ॲम्प्लिफायरला २० अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर तो ४० अँपिअरहून अधिक फार काळ घेऊच शकत नाही. ४० गुणिले १३.८ म्हणजे साधारण ५५० वॉट वीज. त्यातून आवाज मिळणार तो ३३० ते ४४० वॉटचा. खोक्यापेक्षा फ्यूज वाचावा, तो खोटे बोलत नाही.

आगीची ठिणगी कोठे दडते?

इथवरचे दोष खिशाला चटका देणारे. पुढचा दोष जिवाशी खेळणारा आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी प्लसची वायर पत्र्याच्या भोकातून, सीटखालून, धारदार कडांवरून जाते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिचे आवरण घासले जाते. एक दिवस आतले तांबे पत्र्याला टेकते. पत्रा हा ऋण ध्रुव. मग बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह त्या वायरीत ओतते आणि वायर लालबुंद होते.

अशा वेळी ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज काहीच करू शकत नाही, कारण प्रवाह त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्प्लिफायरला नव्हे, तर वायरीला वाचवतो. त्यामुळे त्याचे माप वायरीला झेपेल असेच असावे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणे किंवा तार गुंडाळून काम चालवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे. इंजिनामागच्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट असलाच पाहिजे. डिकीत किंवा सीटखाली स्क्रू मारण्यापूर्वी खाली पेट्रोलची टाकी नाही ना, हे पाहावे. सीएनजी गाड्यांत सिलिंडर आणि त्याच्या नळ्यांजवळ ड्रिल चालवू नये आणि वायरही नेऊ नये. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे.

पुरानंतरची दक्षता

२६ जुलै २००५ चा प्रलय बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत डिकीचा तळ सर्वांत आधी भिजतो आणि सर्वांत उशिरा वाळतो. ॲम्प्लिफायर आणि त्याचा अर्थ नेमके तेथेच असतात. गाडी पाण्यात गेली असेल, तर ऑडिओ सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. मुख्य फ्यूज काढावा, ॲम्प्लिफायर बाहेर काढून तपासून घ्यावा आणि अर्थचा जोड नव्याने करावा. नवी जोडणी करतानाच ॲम्प्लिफायर तळापासून उंचावर बसवला, तर अधिक बरे.

आवाजाची मर्यादा

यंत्रणा निर्दोष झाली, तरी शेजाऱ्यांची झोपही महत्त्वाचीच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार ध्वनीची मानके मोडणाऱ्या वाहनचालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय कंपनीने न बसवलेल्या विद्युत उपकरणांची विम्यात स्वतंत्र नोंद करून जादा हप्ता भरावा लागतो. अन्यथा नुकसान झाल्यास भरपाई अडते.

पैसे देण्यापूर्वी हे पाहा

* बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आहे का? त्याचे माप वायरीला साजेसे आहे का?
* अर्थसाठी रंग खरवडला आहे का? वायर आखूड आणि जाड आहे का?
* गाणे मोठ्याने वाजताना बॅटरी आणि ॲम्प्लिफायर यांच्या दाबातला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आहे का?
* सबवूफरचे ओहम ॲम्प्लिफायरच्या किमान मर्यादेहून कमी तर नाहीत?
* गाडी बंद केल्यावर ॲम्प्लिफायरचा दिवा विझतो का?

या पाच प्रश्नांची उत्तरे दुकानातून निघण्यापूर्वी मिळाली, तर पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढण्याची वेळ सहसा येणार नाही. आणि पुढेमागे 'ॲम्प्लिफायर गेला' असे कोणी सांगितलेच, तर आपल्यासमोर मीटर लावून ते दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.